रिकाम्या तासांची वही

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईतल्या कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा, दिवसातली सगळ्यांत धाकधुकीची वेळ कोणती. पालकसभा नाही, निकालाचा दिवसही नाही. सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. चहाचं आधण गॅसवर असतं आणि फोन वाजतो. "बाई, आज जमत नाहीये हो. सीएल टाकते." सीएल म्हणजे किरकोळ रजा. पलीकडून फोन बंद होतो आणि इकडे आठवी ब, दहावी अ, पुन्हा आठवी ब आणि नववी क असे चार तास डोळ्यांसमोर उभे राहतात.

परळमधल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं काढली. त्यातली शेवटची ९ मुख्याध्यापिका म्हणून. तेव्हा शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या हजेरीबद्दल आज बोलणार आहे ते खुर्चीत बसून चुका केलेल्या बाईच्या अधिकारानं.

कचेरीत एखादा माणूस आला नाही, तर त्याची फाईल टेबलावर पडून राहते. फाईल बाकावर उभी राहत नाही, शेजारच्या वर्गात खडू भिरकावत नाही. वर्ग मात्र त्याच क्षणी तिथे हजर असतो. साठ मुलांच्या वर्गाचा ३५ मिनिटांचा एक तास बुडाला, तर सगळ्या मुलांचे मिळून ३५ तास बुडाले. हा हिशेब मी गणिताच्या सरांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बाई, असं मोजायला लागलात तर रात्री झोप लागायची नाही." खरंच लागत नसे.

पदभार घेतला तेव्हा माझी समजूत अशी, की मस्टर मुठीत आला की माणसं वेळेवर येतात. आमचं सकाळचं अधिवेशन सातचं. सातला पाच मिनिटं झाली की मस्टर माझ्या टेबलावर. ज्याची सही नाही त्याच्या चौकटीत लाल शाईनं लेटमार्क. तीन लेटमार्क झाले की एक सीएल कापायची, हा दंडक माझ्या आधीपासूनचा. मी तो फक्त कडक केला. पहिल्या महिन्यात लेटमार्क घटले आणि मी खूश झाले. दुसऱ्या महिन्यात सीएलचे अर्ज वाढले. काही केल्या संगती लागेना. शेवटी वसईहून येणाऱ्या एका बाईंनी सरळ सांगितलं. "बाई, दोन लेटमार्क आधीच लागलेत. आज गाडी बोरिवलीच्या अलीकडेच रखडली. दादरला उतरून, स्लो पकडून, एल्फिन्स्टनच्या पुलावरून धावत आले असते तरी तिसरा लागणारच होता. म्हणजे सीएल गेलीच. मग म्हटलं, जातेच आहे तर परत फिरावं, घरची चार कामं तरी होतील."

दहा मिनिटांच्या उशिराचं मीच अख्ख्या दिवसाच्या गैरहजेरीत रूपांतर करत होते. लाल शाईचं पेन तेव्हापासून खणात गेलं. उशिराची मिनिटं ज्यानं त्यानं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर भरून काढायची, एवढंच ठेवलं. वह्या तपासा, कच्च्या मुलांना घेऊन बसा, काहीही करा.

आणि एक शंभर पानी वही आणली. रकाने पाच: तारीख, वर्ग, कितवा तास, कुणाचा होता, कशामुळे रिकामा. मस्टरवरून कळतं की माणूस इमारतीत आला. वर्गात कोण उभं होतं हे मस्टरला माहीत नसतं.

वर्षभरानं ती वही घेऊन बसले तेव्हा माझा अंदाज पार चुकला होता. मला वाटायचं सोमवार, सणानंतरचा दिवस, जोडून घेतलेल्या रजा. ते होतंच. पण सगळ्यांत जास्त वेळा रकान्यात लिहिलेलं होतं, "शासकीय काम". प्रशिक्षण. निरीक्षक कार्यालयात माहिती पोचवणं. मतदार यादीसाठी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून घरोघरी फिरणं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम म्हणतं, शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक काम देऊ नये. वाचायला छान वाटतं. पण निवडणूक या एका शब्दात याद्या तपासणं, नावं वाढवणं, वगळणं, प्रशिक्षणं असं किती काय मावतं, ते ज्याला आदेश येतो त्यालाच ठाऊक. मस्टरमध्ये त्याच्यापुढे "कर्तव्यार्थ" लिहिलं जातं, म्हणजे तो हजर. वर्ग मात्र रिकामाच.

हे माझ्याच शाळेचं रडगाणं आहे असं समजू नका. २००३ साली संशोधकांनी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी दिल्या, तेव्हा चारातला एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्राचं प्रमाण सुमारे १५ टक्के, पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी. मथळा झाला "शिक्षक दांड्या मारतात" असा. पुढे २०१७मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं सहा राज्यांत पाहणी केली, त्यात महाराष्ट्र नव्हता. तिथे शाळेत नसलेले शिक्षक निघाले साडेअठरा टक्के; पण कारणाशिवाय गैरहजर असलेले फक्त अडीच टक्के. बाकीचे रजेवर किंवा कामावर पाठवलेले. हा फरक ज्याला दिसत नाही, त्यानं हजेरी सुधारायला निघू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो अडीच टक्क्यांच्या मागे काठी घेऊन धावतो आणि सोळा टक्क्यांकडे त्याची पाठ असते.

मग कुणीतरी म्हणतं, यंत्र बसवा. राजस्थानात उदयपूरजवळ सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत एक प्रयोग झाला होता. शिक्षकाचा मुलांसोबतचा फोटो शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्यानं काढायचा, फोटोवर तारीख-वेळ उमटणार, आणि जितके दिवस तितका पगार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१वर आली. मोठंच यश. पण त्यात कॅमेऱ्याइतकाच वाटा पगाराच्या त्या अटीचा होता, आणि शाळेत शिक्षक एकच. आमच्याकडे पगार शासनाच्या शालार्थ या वेतनप्रणालीतून निघतो, रजा हा सेवाशर्तींनुसार हक्क आहे, आणि बीएलओचा आदेश हातात घेऊन निघालेल्या माणसाचा फोटो काढून मी काय करणार? बायोमेट्रिकची गंमत तर वेगळीच. खडूनं झिजलेलं बोट ते यंत्र पावसाळ्यात ओळखतच नाही. यंत्रापुढे रांग आणि मैदानात प्रार्थना, दोन्ही एकाच वेळी.

आमच्याकडे फरक पडला तो वेळापत्रकानं. पहिल्या तासाला वर्गशिक्षक कॅटलॉग, म्हणजे मुलांची हजेरी, भरतात, म्हणून पहिला तास कधीच रिकामा जाता कामा नये. शिवडी, नायगाव, वडाळा भागात राहणाऱ्यांना वर्गशिक्षक केलं आणि वसई-बदलापूरवाल्यांचा पहिला तास मोकळा ठेवला. मग जवळच्यांची कुरकुर सुरू झाली: "आम्ही जवळ राहतो हा आमचा गुन्हा का?" बरोबर होतं त्यांचं. वर्गशिक्षकाला निकालपत्रकं, सहलीचे पैसे, पालकांचे फोन, असं दुप्पट काम असतं. म्हणून निकालपत्रकं लांबच्यांनी करायची असं ठरलं. बदलापूरचे एक सर गाडीत जागा मिळाली की मांडीवर गुणांची बेरीज करत. बेरीज चुकली की म्हणायचे, "कल्याणला गर्दी चढली, बाई." तीन महिन्यांत पहिल्या तासाची पानं कोरी राहू लागली.

आता पहिली ते चौथीचे वर्ग नऊनंतर भरवायचे असा शासनाचा निर्णय आहे, २०२४चा. मुलांच्या झोपेसाठी चांगलाच. पण जी बाई पहाटेच्या रिकाम्या गाडीनं यायची, ती आता डोंबिवलीला आठच्या गर्दीत लोंबकळते. वेळ बदलताना वेळापत्रक करणाऱ्यानं तिकडेही पाहावं.

दुसरी गोष्ट प्रॉक्सीची. जो रोज येतो त्याच्याच गळ्यात गैरहजर माणसाचे तास पडतात. म्हणजे नियमित येण्याची शिक्षा! आमच्या भूगोलाच्या बाई एका वर्षात जवळपास निम्म्या स्टाफचे तास घेऊन बसल्या होत्या. वहीत सहावा रकाना घातला: तास कुणी घेतला. आणि प्रथा पाडली, ही प्रॉक्सी उसनी. परत आल्यावर ज्याचा तास घेतला त्यानं तो फेडायचा, पंधरा दिवसांत. स्टाफरूममध्ये यादी लावली. कुणालाही बोलावून समज द्यावी लागली नाही. उसनवारी मराठी माणसाला फार टोचते.

आणि शिपाई. हजेरी म्हटलं की सगळे शिक्षकांवर घसरतात. आमचे दोनच शिपाई, त्यातले एक निवृत्त झाले आणि जागा भरली गेली नाही. २०२०च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांत चतुर्थ श्रेणीच्या पदांऐवजी एकरकमी शिपाई भत्ता आला, तेव्हा ती आशाही संपली. उरलेले मामा ज्या दिवशी आले नाहीत, त्या दिवशी किल्ली त्यांच्याकडे आणि साडेसहाशे मुलं फुटपाथवर. शिक्षक सगळे हजर. त्या दिवशी वहीत एका ओळीत अख्खी शाळा लिहावी लागली. संध्याकाळी मामांना ओरडायला बोलावलं, तर कळलं की ते रात्री एका सोसायटीत वॉचमनचं काम करतात. मुलीच्या नर्सिंगची फी होती. ओरडले नाही. किल्लीचा दुसरा जोड केला आणि समोरच्या किराणा दुकानात ठेवला. हा उपाय मला आधीच सुचायला हवा होता.

हे सगळं सांगताना एका दिवसाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी तेव्हा साधी शिक्षिका होते. दुपारच्या अधिवेशनातली शंभरेक मुलं अडकली. अकरा शिक्षक आणि मामा रात्रभर थांबले. समोरच्या चाळीतून खिचडीची पातेली आली, मुली प्रयोगशाळेत झोपल्या, शेवटचा मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांच्या खांद्यावर बसून गेला. शासनानं २७ तारखेला सुट्टी जाहीर केली होती. त्या अकरा जणांच्या नावापुढे मस्टरमध्ये त्या तारखेला काय आहे? तांबड्या शाईत, आडवं, "सुट्टी".

श्रोत्यांमध्ये पालक असतील. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत "शिक्षक किती दिवस गैरहजर होते" असं विचारू नका, उत्तर मस्टरमधूनच येईल. "मागच्या महिन्यात माझ्या मुलाच्या वर्गाचे किती तास रिकामे गेले, आणि कशामुळे?" असं विचारा. मुख्याध्यापक गडबडले तर रागावू नका, पुढच्या सभेत पुन्हा विचारा. आणि उत्तर "शासकीय काम" असं आलं, तर तो आकडा लिहून घेऊन शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज द्या. मुख्याध्यापकानं पत्र लिहिलं तर ती तक्रार ठरते. वीस पालकांच्या सह्या असल्या तर कुणीतरी ते वाचतं.

निवृत्त होताना चार्ज देतो आपण, त्याची यादी असते: शिक्के, सर्व्हिस बुकं, कपाटाच्या किल्ल्या. माझ्या जागी आलेल्या सरांनी यादी तपासत विचारलं, "बाई, ह्या चार वह्या कसल्या? यादीत नाहीत." मी म्हटलं, त्यातली सगळ्यांत जुनी आधी वाचा, तिच्यात माझ्या चुका आहेत.

नमस्कार.