चार मिलिमीटरवरचं फ्लोअर

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. तिच्यात पायऱ्या चढून जावं लागे, कारण चाकं, त्यांना जोडणारा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल, मोटर असं सगळं प्रवाशांच्या पायाखाली होतं. आजच्या लो-फ्लोअर ट्रामचं फ्लोअर रुळापासून जेमतेम ३५० मिलिमीटरवर असतं. बरीचशी यंत्रणा छतावर जाते. चाकं मात्र छतावर नेता येत नाहीत.

अशाच ट्रामचं थ्रीडी प्रिंटरवर छापायचं मॉडेल संगणकाच्या पडद्यावर आहे, १:८७ मापाचं. १४३५ मिलिमीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर), मुंबईच्या जुन्या ट्रामचाही तोच, इथे साडेसोळा होतो. ३० मीटरची तीन भागांची ट्राम ३४५ मिलिमीटरमध्ये बसते. आणि फ्लोअर येतं रुळापासून चार मिलिमीटरवर.

इथेच गाडी अडते. चाकाचा व्यास ७, म्हणजे अ‍ॅक्सलचा मध्य साडेतीनवर. दीड मिलिमीटरचा अ‍ॅक्सल घेतला, तर त्याचा माथा सव्वाचारवर, फ्लोअरच्याही वर. म्हणून मधल्या बोगीला, म्हणजे चाकांच्या चौकटीला, एक मिलिमीटरचाच अ‍ॅक्सल लावायचा आणि त्याच्यावरचं फ्लोअर हलक्या उताराने ५.२ पर्यंत उचलायचं. फ्लोअरची जाडी ०.८ धरली, तर मध्ये ०.४ ची फट उरते. ही पळवाट नव्हे. खऱ्या ट्रामचं फ्लोअरही बोगीवर साधारण ४५० मिलिमीटरपर्यंत चढतं आणि चाकं सीटखालच्या खोक्यांत दडतात.

शंभर टक्के लो-फ्लोअरचा, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत खालच्या फ्लोअरचा, हट्ट मॉडेलमध्ये धरू नये. सत्तर टक्के पुरे. मग मोटर टोकाच्या उंच भागात, चालकाच्या केबिनमागे ठेवता येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधताना ८ मिलिमीटर व्यासाची, १२ व्होल्टची कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर पाहावी. ताशी ६० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला १९ सेंटिमीटर. त्यासाठी चाकाचे मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे लागतात. मोटर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांची असेल, तर एकेरी वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आणि २० दात्यांचा गिअर बरोबर जमतो.

दोन भागांमधले सांधे स्क्रूने आवळू नयेत. रूळ किंचित उंचसखल असला की मधली बोगी उचलली जाते, रुळांतून येणारी वीज तुटते आणि वळणावर गाडी उतरते. सांध्याला वर-खाली अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवावी. भोंगळ दिसलं तरी काळ्या कागदाची घडी ते झाकते.

वजनाचा मोह छताकडे ओढतो, कारण तिथे यंत्रणेचे रिकामे डबे असतात. तिथे शिसं भरलं की वळणावर गाडी कलंडते. शिशाच्या पट्ट्या सीटखालीच जायला हव्यात.

पावसाळ्यात पीएलएची (थ्रीडी छपाईच्या प्लास्टिक तारेची) रीळ उघडी राहिली, तर ओलावा धरते. छपाईत बुडबुडे येतात, मॉडेलच्या भिंतीवर तंतू लोंबतात. छापण्याआधी रीळ ४५ अंशांवर चार-सहा तास वाळवावी. समुद्राच्या हवेने रुळांवर काळपट थर चढतो, आणि एवढी हलकी ट्राम त्यावर लगेच अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा रुळांवर फिरवल्याशिवाय मोटरला दोष देऊ नये.