साखर काढली, पण पिठाचे काय?

मंडळी, मधुमेहींच्या केक-बिस्किटांचा विषय निघाला की पहिला प्रश्न साखरेचा येतो. माझा आग्रह असा आहे की आधी पिठाची चौकशी करावी.

माझ्या वडिलांना 22 वर्षे मधुमेह होता आणि चहाबरोबर बिस्किट हा त्यांचा आयुष्यभराचा नेम होता. एका दिवाळीत करंज्यांच्या डब्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही, म्हणून मी जवळच्या एका बेकरीतून ‘शुगर फ्री नाचणी बिस्किटे’ आणली. त्यांनी समाधानाने चार खाल्ली. खाण्यापूर्वी 128 असलेली रक्तशर्करा दोन तासांनी 221 झाली. वडिलांनी रोजच्या वहीत आकडा लिहिला, शेजारी ‘शुगर फ्री’ हे दोन शब्द लिहून त्यांखाली रेघ ओढली आणि वही मिटली. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

रात्री पाकीट उलटून वाचले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्या यादीत मैदा पहिला होता आणि नाचणी पाचवी. कर्बोदके 100 ग्रॅममागे 70 ग्रॅम, म्हणजे 60 ग्रॅमच्या चार बिस्किटांतून 42 ग्रॅम पोटात गेली होती. पाकिटावरचे शब्द नियमाला धरूनच होते, कारण 100 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमहून अधिक साखर नसेल तर ‘शुगर फ्री’ लिहिता येते आणि मैद्यातील स्टार्च त्या मोजणीत येतच नाही. शरीर मात्र त्याचे ग्लुकोजच करते. निव्वळ नाचणी असती, तरी तिच्यातही दोन तृतीयांश कर्बोदकेच असतात.

गूळ चालतो असे मानणाऱ्यांनी हात वर करावेत. पुष्कळ आहेत, आणि पहिल्या रांगेतील काकूंनी काकांचाही हात वर केला आहे! काकू, गूळ ही बहुतांशी साखरच आहे. मध आणि खजूरही त्याच पंक्तीतले.

पीठ बदलण्याची कल्पना जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आपोलिनेर बुशार्दा या औषधशास्त्रज्ञांनी मधुमेहींना ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातील चिकट प्रथिनाचा, पाव सुचवला होता. त्यावर सविस्तर बोलायचे होते, पण संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य विषय पाच मिनिटांत सांगतो.

मैद्यात 100 ग्रॅममागे सुमारे 75 ग्रॅम कर्बोदके असतात, बदामाच्या पिठात सुमारे 20, आणि त्यांतील निम्मी तंतुमय. बदाम मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत, नाहीतर तेल सुटते. आणि उष्मांक भरपूर असल्याने तुकडा लहानच घ्यावा. नारळाचे पीठ ओलावा फार शोषते, म्हणून बदामाच्या पिठाच्या चौथाईनेच वापरावे. बेसन स्वस्त आहे, पण त्यातही कर्बोदके निम्म्याहून अधिक. ग्लुटेनअभावी केक भुगा होतो. अंडी किंवा, शाकाहारींसाठी, इसबगोल बांधून ठेवते. गोडीसाठी एरिथ्रिटॉल हा साखरेचा पर्याय घातल्यास केकला भरही येतो. मात्र 2023 मधील एका अभ्यासात रक्तातील त्याच्या वाढलेल्या पातळीचा हृदयविकाराशी संबंध दिसला, म्हणून रोज खाऊ नये. स्टीव्हियाने भर येत नाही, अस्पार्टेमची गोडी भट्टीच्या उष्णतेत जाते, आणि माल्टिटॉल रक्तशर्करा वाढवते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारातील कर्बोदके अशी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. रक्तशर्करा एकदम उतरली, तर हा केक उपयोगाचा नाही. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी.