का हरलो, ते कळलं पाहिजे

[दृश्य : दारव्हा तालुक्यातला रस्ता. दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी. डोक्यावर गाठोडी घेऊन परतणाऱ्या बाया. एसटी धूळ उडवत जाते.]

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. दिवाळी होऊन गेली आहे. सोयाबीन घरात आलं, तूर फुलोऱ्यावर आहे आणि कापसाची वेचणी जोरात सुरू आहे. शाळा सुटली की पोट्टे आधी वावरात जातात. दिवे लागणीच्या सुमारास त्यांच्यातले काही जण बसस्टँडमागच्या संगणक क्लासात येऊन बसतात.

दिवसा इथे टायपिंगचे आणि एमएससीआयटीचे वर्ग भरतात. संध्याकाळी मशीन मोकळ्या असतात. मशीन म्हणजे जुने डेस्कटॉप. रॅम जेमतेम, ग्राफिक्स कार्ड नाही, एका मॉनिटरचा रंग पिवळट पडलेला. इंटरनेट असतं तेव्हा असतं. लाईन गेली की यूपीएस थोडा वेळ टूं-टूं करत तग धरतो आणि मग सगळंच बंद. मोबाईलवर ज्या मोठमोठ्या खेळांच्या जाहिराती येतात, त्यातला एकही या मशीनवर उघडणार नाही.

तरीही इथे खेळण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं मोबाईलवरच्या खेळांपेक्षा सरस आहे. आमची कसोटी एकच. हरल्यावर खेळणाऱ्याला कळलं पाहिजे, की आपण का हरलो. फोनवरचे कितीतरी खेळ मुद्दाम अडवतात, कारण अडलेला माणूस पैसे भरतो, नाहीतर जाहिरात बघतो. पोराला वाटतं आपल्याला जमत नाही. चांगल्या छोट्या खेळात असं होत नाही. तिथे चूक डोळ्यांसमोर असते.

[दृश्य : पडद्यावर चौकोनी भिंतींचं गोदाम, एक छोटा माणूस, काही पेट्या. दोन मुलं एकाच खुर्चीवर.]

हा सोकोबान. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशींनी १९८१ च्या सुमारास केला, १९८२ मध्ये बाजारात आला. गोदामातला एक हमाल आहे. पेट्या ढकलून त्याला नेमलेल्या जागी लावायच्या आहेत. नियम इतकाच, की पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. आणि एका वेळी एकच.

या दोन मुलांपैकी एकाचे वडील बाजार समितीत हमाली करतात. गोदामात माल कसा लागतो, आधी आतली रांग, मग दारापाशी येत येत बाहेर, हे त्याने पाहिलेलं आहे. पडद्यावर मात्र तो घाई करतो.

«अबे, कोपऱ्यात कायले ढकलली बे? आता निघते का थे?»

नाही निघत. कोपऱ्यातल्या पेटीच्या मागे उभं राहायला जागाच उरत नाही. भिंतीला चिकटलेली पेटीही भिंतीच्या कडेकडेनेच सरकते, आत येत नाही. ज्या भिंतीला लागून ठरलेली जागा नाही, तिथे पेटी टेकली की डाव तिथेच संपला, भले तो तुम्हाला आणखी पन्नास चालींनंतर कळो. म्हणून सोकोबान खेळणारा हळूहळू उलटा विचार करायला शिकतो. शेवटची पेटी कुठून येईल? तिच्यासाठी वाट मोकळी ठेवायची, तर आधी कोणती लावायची? या साध्या दिसणाऱ्या खेळाच्या खोलीत संगणकशास्त्रज्ञही उतरले. १९९७ मध्ये हे सिद्ध झालं, की सोकोबानचं कोणतंही कोडं हमखास आणि झटपट सोडवून देणारी पद्धत सापडणं अत्यंत अवघड आहे. त्याच्या मोफत आवृत्त्या विपुल आहेत आणि कुठल्याही जुन्या मशीनवर चालतात.

[दृश्य : राखाडी चौकटी. एक मुलगी माउस न हलवता पडद्याकडे बघते आहे.]

माइनस्वीपर बहुतेकांनी पाहिलेला असतो. १९९० साली मायक्रोसॉफ्टच्या खेळांच्या संचात तो आला आणि पुढे १९९२ मध्ये विंडोज ३.१ सोबत घरोघरी पोहोचला. पण आपल्याकडे तो बहुतेक जण कसाही टिचक्या मारत खेळतात आणि सुरुंग फुटला की नशिबाला बोल लावतात. तो खेळ नशिबाचा नाही. जरा थांबून एक उदाहरण पाहू.

चौकटीतला आकडा सांगतो, की आजूबाजूच्या आठ घरांत मिळून किती सुरुंग आहेत. आता समजा, उघडलेल्या घरांच्या रांगेत ओळीने आकडे आले : एक, दोन, एक. त्यांच्या वरची रांग अजून झाकलेली आहे, बाकी सगळं उघडं. सुरुंग कुठे?

दोनच्या बरोबर डोक्यावरचं घर घ्या. तिथे सुरुंग आहे असं धरून चालू. मग डावीकडच्या एकचा एक सुरुंग भरला, त्याच्या वाट्याची बाकीची घरं मोकळी. उजवीकडच्या एकचंही तेच. मग दोनला दुसरा सुरुंग आणायचा कुठून? जागाच नाही. म्हणजे आपण धरलं ते चूक. दोनच्या डोक्यावर सुरुंग नाही. ते दोन्ही एकच्या डोक्यावर आहेत, आणि दोनच्या वरचं घर बिनधास्त उघडा.

[दृश्य : मुलगी मधलं घर उघडते. काही फुटत नाही. ती मागे वळून बघते.]

भूमितीत हिला हीच रीत शिकवतात. आधी उलट गृहीत धरायचं, मग ते चालत नाही हे दाखवायचं. वहीत ती तिला कंटाळवाणी वाटते. इथे तिने ती स्वतःहून वापरली, आणि पुढच्याच ओळीत परत वापरली.

एक अडचण मात्र खरी आहे. विंडोजच्या जुन्या माइनस्वीपरमध्ये कधीकधी शेवटी दोन घरं उरतात आणि अंदाज लावण्यावाचून इलाज नसतो. आमच्या कसोटीला हे उतरत नाही. त्यावर उत्तर आहे सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रामरचा कोड्यांचा संग्रह. पुटी नावाचं सॉफ्टवेअर नेटवर्कचं काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातलं, ते याच माणसाने लिहिलं. त्याच्या संग्रहात चाळीसच्या आसपास कोडी आहेत. सगळी मोफत, सोर्स कोडसकट खुली, जाहिरात नाही, इंटरनेटची गरज नाही. त्यातला माइन्स तुम्ही पहिलं घर उघडल्यावर मैदान रचतो आणि ते असं रचतो, की अंदाज न लावता पूर्ण सुटेल. हरलात तर चूक तुमची. इतकी चोख वागणूक खेळणाऱ्याला क्वचित मिळते.

याच संग्रहात सुडोकू आहे, पूल जोडायचं कोडं आहे, गुंता सोडवायचा अनटँगल आहे. लहान मुलांना अनटँगल द्या. ठिपके सरकवून एकमेकांवरून जाणाऱ्या रेघा मोकळ्या करायच्या असतात, वाचता येण्याचीही गरज नाही. मागे जायला मर्यादा नाही, डाव जपून ठेवता येतो. लाईनचा भरवसा नाही तिथे हे फार मोलाचं. आणि प्रत्येक कोड्याला स्वतःचा एक आयडी असतो. तोच आयडी शेजारच्या मशीनवर टाकला, की तिथे हुबेहूब तेच कोडं उघडतं. इथे त्याची शर्यत लावतात. दोन मशीन, एक कोडं, आधी कोण सोडवतो ते बघायचं. शर्यत लावायला नेटवर्कही लागत नाही, आयडी कागदावर लिहून दिला तरी भागतं.

पत्त्यांची आवड असेल त्यांच्यासाठी फ्रीसेल, एकट्याने लावायचा डाव. सगळे पत्ते पहिल्यापासून उघडे, लपवाछपवी नाही. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० क्रमांकित डाव होते. इंटरनेटवरच्या हौशी खेळाडूंनी १९९४-९५ मध्ये ते आपसात वाटून घेऊन सोडवले. एकच उरला, क्रमांक ११९८२. तो सुटत नाही, हे नंतर संगणकानेही दाखवलं. बाकी सगळे सुटतात. डाव अडला, तर तो सुटणारा आहे या खात्रीने पुन्हा मांडता येतो.

टेट्रिसबद्दल इतकंच. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी ज्या मशीनवर तो लिहिला, त्या मशीनला चित्र काढताच येत नव्हतं. ठोकळे त्यांनी कीबोर्डवरच्या कंसांनी दाखवले. आपल्याकडचं मशीन जुनं आहे म्हणून हळहळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

[दृश्य : लाईन जाते. यूपीएसचा आवाज. इंटरनेटचा राउटर बंद. एक मुलगा ब्राउझर उघडतो.]

आता मैदानी खेळ.

क्रोममध्ये नेट नसताना दिसणारा डायनासोर सगळ्यांना ठाऊक आहे. तो २०१४ पासून आहे. पण एज ब्राउझरमध्येही एक खेळ दडलेला आहे आणि तो जास्त चांगला आहे. वर साइटचा पत्ता लिहायच्या पट्टीत edge://surf असं टाइप करा. लाटांवर फळी घेऊन निघालेला माणूस समोर येतो. बेटं, खडक चुकवायचे, मागे लागलेल्या सागरी राक्षसाला हुलकावणी द्यायची. १९९१ च्या स्कीफ्री या खेळाचा हा वारस. मायक्रोसॉफ्टमधल्या क्रिस पिरिह यांनी तो केला होता आणि त्यात बर्फावरून घसरत जाणाऱ्याला एक हिममानव पकडायचा. सर्फमध्ये वळणावळणाने झेंड्यांमधून जायचा एक प्रकार आहे, तो नक्की खेळा. फाटक चुकलं तर कुठे चुकलं हे स्पष्ट दिसतं. या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. लाट कशी वळवते हे मात्र त्यांचे हात शिकले आहेत.

गोल्फही कुणी पाहिलेला नाही. पण नेव्हरपट हा छोट्या गोल्फचा खेळ उघडला आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कंच्यांचाच खेळ आहे, फक्त बोटाऐवजी काठीने टोलायचं. जमिनीचा उतार बघा, भिंतीवर आपटून चेंडू कुठे वळेल ते ताडा, आणि जोर बेताचा लावा. एकाच मशीनवर चार जणांपर्यंत पाळीपाळीने खेळता येतं, म्हणून कमी मशीन आणि जास्त पोरं असतील तिथे याच्याइतका सोयीचा खेळ नाही. हाही मोफत आणि खुला. त्याचाच जोडीदार नेव्हरबॉल. त्यात चेंडूला हात लावायचा नाही, अख्खं मैदान कलतं करून त्याला न्यायचं.

«हळू, हळू मार... पायलं का? आता गेला खाली. तुले जोराचीच सवय आहे.»

क्रिकेटचं काय, हा प्रश्न येणारच. विदर्भाने रणजी करंडक तीनदा आणला आहे, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. इथे क्रिकेटशिवाय खेळांची गोष्ट पुरी होणार नाही. सायबर कॅफेच्या जमान्यात जे मोठे झाले, त्यांना ईए या कंपनीचा क्रिकेट ०७ आठवत असेल. २००६ च्या अखेरीस आलेला हा खेळ आजही कित्येक जुन्या मशीनवर आहे आणि चाहते त्यात स्वतःच नवे संघ भरतात. खेळ छानच आहे, पण त्याच्या प्रती आज पेन ड्राइव्हवरून फिरतात आणि त्यांच्यासोबत व्हायरस येतो. दहावीचे प्रकल्प ज्या मशीनमध्ये ठेवलेत, त्यात अशी प्रत टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्राउझरमधले छोटे क्रिकेटचे खेळ, दोन बाणांच्या कळांवर सगळी फलंदाजी करायला लावणारे, त्यातले पुष्कळ फ्लॅश या ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं. त्यातले बरेच रफल नावाच्या मोफत साधनाने पुन्हा चालतात. शाळेतल्या मास्तरांपैकी कुणी संगणकात रस घेणारं असेल, तर हे काम एका रविवारी होण्यासारखं आहे.

[दृश्य : कोपऱ्यातलं मशीन. पडद्यावर बुद्धिबळाचा पट. दोन मुली आणि त्यांच्या मागे उभी असलेली एक आजी.]

या कोपऱ्यात गर्दी वाढली ती २०२५ च्या जुलैनंतर. जॉर्जियातल्या बटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवलं. वय १९, गाव नागपूर. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. नागपूर इथल्या पोरींना ओळखीचं आहे. तिथे कुणाची आत्या असते, कुणाचा भाऊ शिकायला असतो. त्यामुळे ती बातमी टीव्हीवरची राहिली नाही.

नेट असेल तर लिचेस. २०१० साली फ्रान्सच्या तिबो ड्युप्लेसी यांनी सुरू केलं, आजही पूर्ण मोफत, एकही जाहिरात नाही, आणि हळू नेटवरही चालतं. नेट नसेल तर ल्युकास चेस. ते मशीनमध्ये एकदा टाकलं की झालं. त्यात संगणकाची ताकद अगदी नवशिक्याइतकी खाली आणता येते आणि डाव संपल्यावर कोणत्या चालीला घसरलो ते तो दाखवतो. मोठी मुलगी तेच बघते आहे. घोडा हलवला आणि मागचा वजीर उघडा पडला.

«अंदर ठेवाले पाहिजे होता न घोडा.»

आजीला बुद्धिबळ येत नाही. चंगाअष्टा येतो, आणि त्यात सोंगटी कधी घरात ठेवायची हे तिला नीट कळतं. तिचं म्हणणं चुकलेलं नाही.

आता ज्यांना हे खेळ हवे आहेत त्यांच्यासाठी. तालुक्याला जाणं होईल तेव्हा चांगलं नेट असेल तिथे बसून एकदाच उतरवून घ्या. टॅथमचा संग्रह तर इतका हलका, की त्याच्यासाठी दोन-तीन गाण्यांएवढी जागा पुरते. ज्याने खेळ बनवला त्याच्याच साइटवरून घ्या. जिथे क्रॅक असा शब्द दिसेल तिथून काही घेऊ नका. एका पेन ड्राइव्हवर सगळं मावतं. मग गावात ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप चादर टाकून ठेवलेला असेल, त्यांच्याकडे तो घेऊन जा. सुरू करण्याआधी कीबोर्डच्या चारही बाणांच्या कळा चालतात का ते बघून घ्या. सोकोबानला त्या चारही लागतात.