घाट आधी, किल्ला नंतर

नमस्कार श्रोतेहो.

सह्याद्रीतला किल्ला बघायला निघालेली बहुतेक माणसं गाडीनं थेट पायथ्याशी उतरतात, वर जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी घरी येतात. त्यांना किल्ला दिसतो, पण तो नेमका तिथेच का बांधला, ते दिसत नाही. ते घाट सांगतो. आणि घाट कळायचा असेल तर तो सायकलवरून चढावा आणि सायकलवरूनच उतरावा, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज मी तुम्हाला माझ्या आवडत्या वाटेवर नेणार आहे. वाईहून निघायचं, पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर गाठायचं, आंबेनळी घाटानं प्रतापगडाच्या अंगानं पोलादपूरला उतरायचं, मग महाड, रायगड, आणि पुन्हा देशावर यायचं ते वरंधा घाट चढून भोरला. लिहून घेणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते: वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर, महाड, रायगड, वरंधा, भोर.

वाईत घाईनं निघू नका. मेणवली तिथून अगदी जवळ आहे. नाना फडणवीसांचा वाडा बघा, मागच्या बाजूनं कृष्णेच्या घाटावर उतरा. तिथे एका छोट्या दगडी मंडपात टांगलेली भलीमोठी घंटा दिसेल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. समुद्रकाठची ही अवजड वस्तू एवढे डोंगर चढवून कशी आणली असेल, हा प्रश्न मनात घेऊनच पसरणीच्या घाटाला लागा. पहिल्या वळणापासून तो प्रश्न पायांना कळायला लागतो.

पसरणीचा घाट उघडा आहे. झाडी कमी, ऊन थेट अंगावर, खाली वाईचं मोकळं खोरं आणि कृष्णेचं पात्र. वर पाचगणीला आलात की जांभ्या दगडाचं सपाट पठार लागतं. आणि महाबळेश्वरपासून पुढे सगळं पालटतं. झाडी दाटते, रस्त्यावर सावली येते, हवा ओलसर होते. एका दिवसात, स्वतःच्या पायांच्या बळावर, तुम्ही उघड्या मुलखातून जंगलात शिरता.

आता इथे अफजलखान आठवा. जावळीत येण्याआधी त्याचा तळ वाईला होता. मोकळा मुलूख, भरपूर पाणी, तोफा, हत्ती, घोडदळ यांना हवी तशी जागा. त्याला तिथून उठवून जावळीच्या रानात आणलं, इथेच अर्धी लढाई झाली. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट आपण सगळे शाळेत शिकलो, पण वाई ते जावळी हा भूगोल किती जणांनी अंगावर घेतला? खानाची फौज रडतोंडीच्या घाटानं उतरली. तुम्ही आज शेजारच्या डांबरी रस्त्यानं उतरता, तरी एका बाजूला कडा, एका बाजूला दरी आणि समोर शंभर पावलांपलीकडचं काही दिसत नाही, हे अनुभवता. जावळी ताब्यात आल्यावर महाराजांनी भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधला, तो पारघाटावर नजर ठेवण्यासाठी. म्हणजे घाट आधी, किल्ला नंतर. हे आज मी अनेकदा म्हणणार आहे. घाट आधी, किल्ला नंतर.

आंबेनळीच्या उतारावर एक गोष्ट पाळा. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मधूनमधून थांबा, रिम हातानं न शिवता जरा गार होऊ द्या. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, एवढी उंची तुम्ही एका दमात उतरता. आणि कानात इअरफोन तर मुळीच नको. घाटात कान मोकळे हवेत. गाणी घरीही ऐकता येतात, रेडिओही घरी ऐका. घाटात फक्त घाट ऐका.

कान मोकळे का हवेत, ते मला वरंध्यात एका माणसानं शिकवलं. ती हकिगत सांगायचीच आहे, म्हणून थोडी उडी मारून वरंध्यात येते.

हिवाळ्याचे दिवस. मी आणि माझा कॉलेजात शिकणारा भाचा. बिरवाडी मागे टाकून माझेरीच्या पुढे चढाला लागलो होतो. पावसाळ्यात आलेल्या दरडीची खडी रस्त्याच्या कडेला तशीच पसरलेली होती. भाच्याच्या मागच्या चाकाला एक धारदार कपची लागली आणि टायर बाजूनं फाटला. अंगठा जाईल एवढी फट. ट्यूबचा फुगा त्यातून बाहेर आला आणि फुटला. नवी ट्यूब आमच्याजवळ होती, पण फाटक्या टायरात नवी ट्यूब घातली तर तीही त्याच फटीतून बाहेर येणार. सायकली हातात धरून आम्ही चालायला लागलो.

वळणावर एका घरापुढे एक म्हातारे गृहस्थ पाट्या विणत बसले होते. आम्हाला बघून उठले. "टायर गेला जणू," म्हणाले. "आना हिकडं. सावलीला बसा, ताई."

त्यांनी चाक मांडीवर घेतलं आणि पहिलं काम काय केलं असेल? टायरच्या आतून अंगठा फिरवला. सबंध गोल. हळूहळू. फट तर समोर दिसत होती, मग हे कशाला, असं भाच्यानं विचारलं. ते म्हणाले, "एक दिसतंय म्हनून दुसरं नसंल असं नाय." आणि खरंच, आत बाभळीचा एक काटा निघाला.

मग घरात गेले, जुन्या काळ्या सायकलचा झिजलेला टायर घेऊन आले. त्याचा वीतभर तुकडा सुरीनं कापला. दोन्ही कडांची तार काढून टाकली. तुकड्याच्या कडा दगडावर घासून घासून पातळ केल्या, का तर जाड कड राहिली तर तीच ट्यूबला खाते. तो तुकडा फाटलेल्या जागी आतून बसवला, त्यावर नवी ट्यूब घातली. आपल्याकडे याला गेटर म्हणतात, पंक्चरवाल्यांना नवीन नाही. पण कडा एवढ्या निगुतीनं घासणारा हात मी फार कमी वेळा पाहिलाय. "हवा थोडी कमीच ठेवा," म्हणाले, "भोर येतंय तवर."

काम चालू असताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही काय करत होता?" म्हणाले, "मैलकुली. ह्याच घाटात."

श्रोतेहो, मैलकुली ही माणसं आता दिसेनाशी झाली आहेत. ठरलेला रस्त्याचा तुकडा, रोज पायी फिरायचा. खड्डा बुजवायचा, गटार उपसायचं, साइडपट्टी सारखी करायची, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवायची. फावडं, घमेलं आणि पावसात इरलं. मला वाटतं, रस्ता बांधणाऱ्याची पाटी लागते तशी रस्ता राखणाऱ्याचीही लागायला हवी. असो. बाबांनी सांगितलेली गोष्ट अशी.

एका जुलैतली रात्र. पाऊस दिवसभर कोसळत होता. ते कंदील घेऊन आपल्या तुकड्यावर फिरत होते. एका वळणाशी एक मोरी आहे, तिच्यातून पावसाळाभर ओढ्याचं पाणी असं घुमतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बाबा तिथे पोचले आणि मोरी गप्प होती. पाऊस तसाच, पण मोरीत पाणी वाजत नव्हतं. मी म्हटलं, "मग ओढा ओसरला असेल." ते माझ्याकडे बघतच राहिले. "पाऊस चालू हाय आन् पानी थांबलं, म्हंजी वर कुटंतरी अडलंय. अडलेलं पानी एकटं येत नाय, ताई. डोंगर घेऊन येतं."

त्यांनी हाताला लागल्या त्या फांद्या ओढून रस्त्यावर आडव्या टाकल्या आणि वळणाच्या अलीकडे कंदील हलवत उभे राहिले. आधी एक ट्रक आला, तो थांबला. मागून मुक्कामाची एसटी आली. ड्रायव्हर खाली उतरून विचारत होता, काय झालंय, रस्ता तर चांगला दिसतोय. बाबा एवढंच म्हणाले, "थांबा." ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली. आणि मग आवाज आला. चिखल, धोंडे, झाडं, सगळं त्या मोरीवरून रस्ता ओलांडून दरीत गेलं. एसटीतली माणसं सकाळपर्यंत गाडीतच बसून राहिली. सगळीच्या सगळी.

ही गोष्ट सांगताना त्यांचा हात कुठेही थांबला नाही. चाक बसवलं, फिरवून बघितलं, ब्रेकला घासत नाही ना ते पाहिलं. मी पैसे काढले, तर त्यांनी मान हलवली. मग भाच्याकडे वळून म्हणाले, "पोरा, एक काम करशील? वर ती मोरी लागंल. कठड्यावर नंबर रंगवलेला हाय. तिच्या तोंडाशी पाचोळा न् फांद्या साचल्यात. माझं गुडघं आता उतरू देत नायत. तेवढं काढून टाका."

आम्ही ती मोरी शोधली. भाचा खाली उतरला, मी वरून फांद्या ओढून घेत होते. ओंजळीनं पाचोळा काढला, अडकलेले दोन मोठे दगड काढले. पलीकडचा उजेड आरपार दिसायला लागला तेव्हा थांबलो. तेव्हापासून घाटातली कुठलीही मोरी आली की माझा वेग कमी होतो आणि कान तिकडे वळतात.

याच बाबांनी निघताना आणखी एक सांगितलं होतं. वर वाघजाईच्या देवळापाशी भज्यांची दुकानं आहेत. तिथे सगळे थांबतात. पण भजी खाणाऱ्यांना माहीत नसतं की ते किल्ल्यातच उभे आहेत. वरंधा घाटावर पहारा ठेवणारा कावळ्या किल्ला तो हाच. रस्ता करताना डोंगर फोडला आणि किल्ल्याचे दोन भाग झाले. देवळाच्या बाजूला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आजही आहेत. भजी खा, जरूर खा, पण आधी टाकी बघा. घाट आधी, किल्ला नंतर, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

आता मधला टप्पा भराभर सांगते, कारण वेळ थोडा उरलाय. पोलादपूर ते महाड तुम्ही सावित्रीच्या सोबतीनं जाता. कृष्णा आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरलाच मानतात. एक बंगालच्या उपसागराकडे गेली, दुसरी बाणकोटला अरबी समुद्राला मिळाली. महाडला चवदार तळ्यावर थांबा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह इथलं पाणी ओंजळीत घेतलं. तिथे सायकल बाहेर लावा आणि काठावर शांतपणे बसा. गावाबाहेर हायवेच्या कडेला गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. बंदरातून माल घेऊन घाटाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरची ती लेणी. वाट इथेही आधीच होती.

रायगडासाठी सायकल पाचाडला ठेवा. जिजाऊंचा वाडा आणि समाधी पाचाडलाच आहे. ६ जून १६७४ ला वर राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्यात जिजाऊ गेल्या. गडावर पायऱ्यांनी जा. रोपवे ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी आहे, तुम्ही तर घाट चढून आलाय.

सामान पाठीवर घेऊ नका, कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखं बांधा. पुन्हा सांगते, पाठीवर नाही, कॅरिअरवर. पुढचा दातेरी गिअर लहान असू द्या, वरंध्याचा चढ लांबच लांब आहे. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. पावसाळ्यात वरंधा दरडींमुळे अनेकदा बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी कराच. वाघजाईपासून भोरकडे नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेनं रस्ता उतरतो. भोरला पंतसचिवांचा राजवाडा आहे. पायांत जोर उरला असेल तर तिथून मांढरदेवचा घाट चढून थेट वाईत उतरता येतं. नसेल उरला, तर भोरच्या स्टँडवर जाऊन एसटी पकडा, आणि सायकल टपावर घेणार का ते कंडक्टरला आधी नीट विचारा.

नमस्कार.