अठरा पूर्ण झाल्यावर भाडं कोण भरणार?

बालगृहातल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते. ज्याला घर आहे तो घरी जातो. ज्याला नाही, त्याच्यापुढे त्याच रात्रीचा प्रश्न असतो. तुमच्यापैकी बरेच जण अधीक्षक, समुपदेशक किंवा स्वयंसेवक आहात. म्हणून या मुलामुलींच्या निवाऱ्यासाठी सरकारी मदत कुठून मिळते आणि ती कुठे अडते, तेवढंच आज बोलतो.

कायद्याचा आधार आहे बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 46. संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य देण्याची मुभा त्यात आहे, सक्ती नाही. त्यामुळे अहवाल आणि आदेश हातात नसेल तर एक रुपयाही हलत नाही. 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 25 पुढचं सांगतो. संस्था सोडल्यानंतरच्या या मदतीला अनुरक्षण सेवा म्हणतात; ती एकविसाव्या वर्षापर्यंत मिळते, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरता निवास, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, नोकरी लागेपर्यंत आधार, संपर्कात राहणारा समुपदेशक, हे सगळं त्यात आहे. जिथे अनुरक्षणगृहात जागा आहे तिथे राहण्या-जेवण्याची सोय होते. जो बाहेर खोली घेऊन राहतो त्याच्यासाठी मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत महिना 4,000 रुपये धरले आहेत, आणि ते थेट त्याच्या खात्यात जायला हवेत.

आता अडतं कुठे? सर्वात आधी, वेळेत. मूल बाहेर पडण्याच्या किमान दोन महिने आधी त्याची पुढची योजना बाल कल्याण समितीपुढे किंवा बाल न्याय मंडळापुढे जायला हवी. प्रत्यक्षात वाढदिवस तोंडावर आला की फाइल उघडली जाते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सतरावं पूर्ण झालं त्याच आठवड्यात काम सुरू करा, कारण कागदांनाच वर्ष लागतं. बँक खातं बहुधा अधीक्षकांसोबत संयुक्त असतं, ते मुलाच्या एकट्याच्या नावावर आणावं लागतं. आधारला मोबाइल संस्थेचा जोडलेला असेल तर ओटीपी तिकडेच जात राहतो आणि बाहेर पडलेलं मूल प्रत्येक अर्जापाशी अडतं. आधारवरचं, दाखल्यावरचं आणि खात्यावरचं नाव अक्षरशः एकच आहे ना, तेही तपासा. अनाथ प्रमाणपत्राचा प्रस्ताव मूल संस्थेत असतानाच पाठवा. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं एक टक्का आरक्षण त्यावर अवलंबून आहे आणि बाहेर पडल्यावर जुनी कागदपत्रं गोळा करणं फार जड जातं. अनुरक्षणाचा लेखी आदेश निघाल्याशिवाय मुलाला निरोप देऊ नका. त्याची एक प्रत मुलाकडे, एक जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे राहू द्या.

दुसरी अडचण पैशांच्या हिशेबाची. चौघींनी मिळून 10,000 रुपये भाड्याची जागा घेतली तर प्रत्येकीचे 2,500 गेले. उरलेल्या दीड हजारात महिनाभराचं जेवण, बस आणि मोबाइल भागत नाही. म्हणजे विद्यावेतन किंवा अर्धवेळ काम याची जोड पहिल्या महिन्यापासून हवी. त्याहून कठीण असतं डिपॉझिट. मालक दोन-तीन महिन्यांचं भाडं आगाऊ मागतो आणि महिन्याच्या 4,000 रुपयांतून ते निघत नाही. खोली हातची जाते ती इथे. संस्थेने देणगीतून डिपॉझिटसाठी वेगळा निधी बाजूला ठेवला आणि खोली सोडताना तो परत घेतला, तर तेच पैसे पुढच्या मुलाच्या कामी येतात.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेचाही विचार करता येतो. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये आहेत, त्यातले 20,000 निवासासाठी. मात्र तिथे जातीचा दाखला लागतो. ज्या मुलाची जातच नोंदलेली नाही, त्याला हा दरवाजा बंद आहे. ही त्रुटी दूर व्हायलाच हवी.

घर सोडून एकोणिसाव्या वर्षी शहरात आलेला, कधीच बालगृहात न राहिलेला तरुण या कशातच बसत नाही. त्याच्यासाठी महापालिकेची बेघर निवारा केंद्रं आहेत, पण तो रात्रीचा आसरा झाला, भाड्याची मदत नव्हे.

राहता राहिला करार. ‘आपल्याला काय, तोंडी चालेल’ म्हणणाऱ्या मालकाकडे जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही भीतीदायक नाही. 10,000 भाडं, 30,000 डिपॉझिट आणि 11 महिने धरले तर मुद्रांक शुल्क सुमारे 300 रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी 1,000 रुपये. हाच करार पुढे पत्त्याचा पुरावा होतो. पालकांची सही मागितली तर संस्थेच्या लेटरहेडवर अनुरक्षण आदेशाचा क्रमांक घालून पत्र द्या. करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला. एकीच्याच नावावर केलात आणि ती निघून गेली, तर बाकीच्या तिघी रस्त्यावर येतात. सोडण्याची नोटीस एक महिन्याची ठेवा, आणि डिपॉझिटमध्ये कोणाचा किती वाटा आहे ते लिहून त्या कागदावर चौघींच्या सह्या घ्या. एकविसाव्या वर्षी जिची मदत थांबेल, तिला पुढच्या खोलीसाठी तेच पैसे लागणार आहेत.