पोटातला जंतू आणि ताकाचा पेला

[दृश्य: नागपूरची इतवारी, सकाळ. जडीबुटीचं दुकान.]

ज्येष्ठमधाची काडी मोडली की आत पिवळा, धाग्याधाग्यांचा गाभा दिसतो. चघळली की तोंड गोड होतं आणि घशाखालची आग जराशी निवते. ती विकत घेणाऱ्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते: जेवल्यावर पोट गच्च होतं, रात्री रिकाम्या पोटी जळजळ उठते. घरच्यांचं निदान ‘ॲसिडिटी’. आणि दोष जातो सावजीच्या रश्शाला, नाहीतर सकाळच्या तर्री-पोह्यांना.

तिखटाने जळजळ वाढते, हे खरं. पण जठरातला अल्सर, म्हणजे अस्तरावरची जखम, भिवापुरी मिरचीमुळे होत नाही. त्याची दोन मोठी कारणं आहेत: वेदनाशामक गोळ्यांचा मारा आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८२ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तरी जंतूमुळे अल्सर होतो, हे इतर डॉक्टरमंडळी मानेनात. शेवटी १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं द्रावण प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल या दोघांना मिळालं.

[दृश्य: जठराच्या अस्तराचं रेखाचित्र.]

जठरातल्या आम्लात हा जंतू टिकतो कसा? तो युरियापासून अमोनिया तयार करतो, आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि मळसूत्रासारखा फिरत चिकट अस्तरात शिरतो. वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पुष्कळांना त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो, थोड्यांना जठराचा कर्करोग.

लसूण, मध, हळद प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत या जंतूला मारतात. म्हणूनच इतके घरगुती उपाय फिरतात. पण जठर म्हणजे बशी नव्हे. अमेरिकेत १९९९ साली रुग्णांना जेवणातून ताजा लसूण आणि मिरच्या देऊन पाहिल्या. जंतूवर काहीच परिणाम झाला नाही. जपानमध्ये ब्रोकोलीचे कोंब रोज ७० ग्रॅम, ८ आठवडे दिले. जंतूचा जोर कमी झाला, पण कोंब बंद केल्यावर दोन महिन्यांत तो पुन्हा होता तिथे आला. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल आणखी सुटतं. ज्येष्ठमधही रोज फार खाल्लं तर रक्तदाब वाढतो.

जळजळ थांबली म्हणजे जंतू मेला, असं समजून लोक महिनोन्‌महिने तपासणी टाळतात. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

[दृश्य: स्वयंपाकघर. रवीने घुसळलं जाणारं दही.]

आणि तरीही ताकाचा मान मी काढून घेणार नाही. या जंतूवरच्या उपचारात बहुधा दोन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी असते, काही वेळा बिस्मथ नावाचं औषधही. हा कोर्स साधारण १४ दिवसांचा. त्यात तोंड कडू पडतं, मळमळतं, जुलाब लागतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस गोळ्या सोडून देतो. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून वाचलेले जंतू पुढे औषधांना दाद देत नाहीत. उपयुक्त जिवाणूंमुळे हा त्रास कमी होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्यासाठी डॉक्टर वेगळी कॅप्सूलही देतात. घरचं दही-ताक तेवढं नेमकं औषध नाही, पण पोटाला सोसतं. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ कडे सरकला की जिरं-सैंधव घातलेला मठ्ठा आणि ज्वारीची आंबील तशीही घरोघरी असते. मीठ मात्र बेताचंच. खूप खारट खाणं आणि हा जंतू ही जोडी जठराला वाईट.

एक लक्षात ठेवा: कोर्समध्ये टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक असेल तर त्या गोळीबरोबर दूध, दही, ताक घेऊ नका. त्यातल्या कॅल्शियममुळे औषध पुरतं शोषलं जात नाही. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. बिस्मथने शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. पण बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखं काळं शौच झालं, रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. विनाकारण वजन उतरत असेल तरीही डॉक्टरांना दाखवा.

[दृश्य: धंतोली. तपासणी केंद्रात पिशवीत फुंकणारा रुग्ण.]

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करायची असते. त्याआधीचे दोन आठवडे, डॉक्टरांना विचारून, ॲसिडिटीची गोळी बंद ठेवावी लागते. नाहीतर जंतू असूनही अहवालात दिसत नाही. डॉक्टर विसरले, तर तुम्हीच विचारा.