लेकाने दिलेली कवटी

श्रोतेहो, नमस्कार.

जळगावच्या नव्या बसस्थानकाबाहेर लागलेल्या मोटारसायकली कधी नीट बघा. एखाद्या तरी टाकीवर पांढरी कवटी चिकटवलेली दिसेल. डोळ्यांच्या जागी काळी भोकं आणि हनुवटीच्या जागी लांबच लांब दात. लावणाऱ्याला विचारलं तर 'भारी दिसते भो' एवढंच उत्तर मिळतं. ही कवटी कुणाची, ते आज सांगतो.

ती फ्रँक कॅसलची, म्हणजे पनिशरची. जेरी कॉनवे या लेखकाने त्याला १९७४ साली मार्व्हलच्या स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये आणलं, तेही स्पायडरमॅनच्या जिवावर उठलेला माणूस म्हणून. पुढे त्याच्यावर १९८९, २००४ आणि २००८ साली तीन चित्रपट निघाले. मला बोलायचंय ते २००४ च्या 'द पनिशर'बद्दल. दिग्दर्शक जोनाथन हेन्सली, नायक टॉमस जेन आणि समोर जॉन ट्रॅव्होल्टा.

या सूडपटात पहिला सूड नायकाचा नाही. कॅसल वेष पालटून काम करणारा सरकारी अधिकारी आहे. त्याने लावलेल्या सापळ्यात हॉवर्ड सेंट या बड्या गुन्हेगाराचा मुलगा गोळी लागून मरतो. सेंट बदला घ्यायला निघतो, तेव्हा त्याची बायको लिव्हिया म्हणते, एकट्याला मारून भागणार नाही, सगळं कुटुंब संपवा. पोर्तो रिकोच्या किनाऱ्यावर कॅसलचे सगळे नातेवाईक जमलेले असतात, तिथे मारेकरी पोहोचतात. कॅसलची बायको आणि मुलगा लाकडी धक्क्यावरून जीव घेऊन पळतात आणि मागून ट्रक येतो. गोळ्या घालून टाकून दिलेला कॅसल मात्र वाचतो.

आपल्या रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. निसवणीला आलेली केळीची बाग रात्रीतून कुणीतरी कापून टाकतं. सकाळी मालक बघतो तर खोडं आडवी. वर्षभर पोटच्या पोरासारखं जपलेलं पीक, आणि कारण काय, तर बांधाचं जुनं भांडण. मग इकडचा तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो, आणि सुरुवात कुणी केली ते दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही.

आता कवटीकडे येऊ. या चित्रपटात ती एका साध्या टीशर्टवर आहे आणि तो टीशर्ट कॅसलला त्याच्या लहान मुलाने दिलेला आहे. भुताखेतांपासून रक्षण होतं, अशा समजुतीने पोरगं तो बापाला देतं. पुढे पोरगं जातं, टीशर्ट राहतो. कॅसल तोच अंगात घालून मारायला निघतो. अमेरिकेत पोलीस ही कवटी गाड्यांवर आणि वर्दीवर मिरवायला लागले, तेव्हा खुद्द कॉनवे यांनी जाहीर विरोध केला. न्यायव्यवस्था कोलमडल्याची ती खूण, कायदा राखणाऱ्यांनी ती कशी लावायची, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

चित्रपटात मला सर्वांत आवडतात ते कॅसलचे शेजारी. पडक्या इमारतीत राहणारे तिघं: जोन, बम्पो आणि तोंडभर रिंगा टोचून घेतलेला डेव्ह. ते या घुम्या माणसाला जेवायला बोलावतात. पुढे सेंटची माणसं कॅसलचा पत्ता विचारत येतात. डेव्हच्या तोंडातल्या त्या रिंगा पकडीने एकेक करून उपटतात, तरी तो तोंड उघडत नाही. ओळख चार दिवसांची, नातं तर नाहीच. सगळ्या गोळीबारापेक्षा मला हा पोरगा शूर वाटतो. प्रसंग मात्र अंगावर येणारा आहे, तेव्हा लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका.

एका ठिकाणी मी नायकाच्या बाजूने उभा राहू शकत नाही. बायको आणि जिवलग मित्र यांचे संबंध आहेत, असा खोटा संशय कॅसल सेंटच्या डोक्यात भरवतो. सेंट मित्राला भोसकतो आणि बायकोला पुलावरून खाली रेल्वेरुळांवर फेकतो. लिव्हियाचं पाप मोठंच होतं, पण ती मेली ते न केलेल्या गोष्टीपायी. कथा इथे क्षणभरही थबकत नाही. कॅसल शेवटी सेंटला खरं काय ते सांगतो, तेही त्याला आणखी जाळण्यासाठी, आणि मग गाड्यांचे स्फोट सुरू होतात. त्या स्फोटांआधी दिग्दर्शकाने कॅसलला एकदा तरी लिव्हियाचा हिशेब विचारायला हवा होता.

नमस्कार.